उशीपलीकडचे बाळ

९ फेब्रुवारी

अठरावा आठवडा लागला. वाचनालयातून आणलेल्या दोन्ही पुस्तकांचे या एका मुद्द्यावर एकमत आहे की, आता कोणत्याही दिवशी बाळाची हालचाल जाणवू लागेल. एकात तिला फुलपाखराच्या पंखांची उपमा दिली आहे, दुसऱ्यात पाण्यातल्या बुडबुड्याची. मी दोन्हींची तयारी ठेवली आहे. कामावरून आले की डाव्या कुशीवर निजते, श्वास बेताने घेते आणि पोटाकडे लक्ष लावते. आज बुडबुडे पुष्कळ आले. परंतु ते पचनाचे होते, असेच प्रामाणिकपणे नोंदवावे लागेल.

मला हे जाणवायला हवे आहे, त्याला कारण आहे. गेल्या वर्षीचे बाळ तिसऱ्याच महिन्यात थांबले आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी पुढे कितीतरी दिवस पाळण्यांची चित्रे बघत होते. अखेर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत एका अनोळखी बाईंनी ते सांगितले. या वेळी मध्ये कोणी नको. जे काही असेल ते बाळाने मला स्वतः कळवावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. ती कोणाजवळ बोलून दाखवण्याइतकी मी धीट नाही, म्हणून येथे लिहिते.

१३ फेब्रुवारी

बाळ हलले. मला नव्हे, नवऱ्याला.

तो दुकानातून आला, हातपाय धुतले आणि नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसून तळहात पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवला. मी आढ्याकडे बघत होते. मला वाटते, माझा चेहरा फारसा बरा नसावा, कारण त्याने दोनदा विचारले, "काय गं पहिला नंबर, आज कोणता धडा अडलाय?" थोड्या वेळाने तो एकदम म्हणाला, "ए, हललं."

"कुठे?"

"इथं. आत्ता. तुला नाही कळलं?"

त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की मी गोंधळले. पोट माझे, आणि बातमी त्याला आधी. शाळेत बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला "येत नाही" असे मी कधी म्हटल्याचे आठवत नाही. येत नसले की खाली मान घालून बसायचे. बाई समजत, हिला येते पण लाजते. आज मान घालायला जागा नव्हती.

"हो," मी म्हणाले. "कळलं की."

तो लगेच स्वयंपाकघरात आईला सांगायला गेला. मी पुन्हा कुशीवर वळले आणि बाळाला मनातल्या मनात विचारले की, माझे काय चुकले. मला बाळाचा राग आला नाही, नवऱ्याचा मात्र थोडा आला. हेवा हा शब्द अधिक अचूक ठरेल.

१८ फेब्रुवारी

आज कामावर एका आजोबांची तपासणी होती, जे आयुष्यभर पोस्टात होते आणि ज्यांना आजी हाताला धरून आणतात.

आमच्याकडे कानाची तपासणी अशी होते: माणूस काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसतो, हातात बटण असते. मी बाहेर यंत्रापाशी बसते आणि बारीक-बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचे, माझ्याकडे दिवा लागतो. आवाज हळूहळू बारीक करत जायचे. सोपे आहे, पण मधूनमधून मी काहीच आवाज न सोडता नुसती थांबते. कारण पुष्कळ माणसे शांततेतही बटण दाबतात.

आजोबांनी आज शांततेत अनेकदा दाबले, आणि खरा आवाज होता तेव्हा ते माझ्याकडे बघून हसत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "किती मार्क पडले?"

आजी म्हणाल्या, "नापास. घरी कुकर शिट्ट्या मारून थकतो आणि हे पेपर वाचत बसतात."

आमच्या मॅडम नव्या लोकांना नेहमी सांगतात की, अशा माणसाला खोटारडा समजू नका. त्याला फक्त बरोबर यायचे असते. समोरच्याला बरे वाटावे असेही त्याच्या मनात असते. आपण मात्र त्याच्या दिव्यावर विसंबायचे नाही, शांतता देऊन बघायची. मला हे काम चांगले जमते. मॅडम म्हणतात की, कोण उगाच दाबतो हे मला चेहऱ्यावरूनच कळते.

२० फेब्रुवारी

संध्याकाळी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, मी मोजे जुळवत होते. त्यांनी सहज विचारले, "काय गं, कसं वाटतं हलतं तेव्हा?"

"फुलपाखरासारखं," मी म्हणाले. अगदी पान आठवून म्हणाले.

त्यांनी घडी घालायची थांबवली. "फुलपाखरू? तुझा नवरा माझ्या पोटात होता ना, तेव्हा वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवतंय असं वाटायचं. आणि त्याच्या बहिणीच्या वेळी तर पाच महिने होऊन गेले तरी काहीच नाही. मी आपली देवाच्या भरवशावर."

"मग तुम्ही काय सांगायचात सगळ्यांना?"

"काय सांगायचं, काही नाही कळत म्हणायचे. परीक्षा थोडीच होती."

मग त्यांनी माझ्या हातातले मोजे घेतले आणि म्हणाल्या, "हे दोन वेगळे आहेत. एक काळा, एक निळा." त्यांची नजर अजून पक्की आहे.

२६ फेब्रुवारी

सोनोग्राफी झाली. हे सर्व क्रमाने लिहिले पाहिजे.

पडद्यावर बाळ होते. हात होते, पाय होते, पाठीच्या मणक्यांची ओळ एखाद्या बारीक साखळीसारखी. आणि ते हलत होते. हलत होते म्हणजे उड्या मारत होते. एकदा तर पूर्ण उलटे झाले. मी टेबलावर निजलेली, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हते. शेजारच्या घरात धिंगाणा चालू आहे आणि तो आपण आपल्याच खिडकीतून बघतो आहोत, असे वाटले. डोळे भरून आले. तपासणाऱ्या डॉक्टरांना ते आनंदाचे वाटले, अर्धे होतेही.

"सगळं छान आहे," त्या म्हणाल्या. "वार पुढच्या बाजूला आहे एवढंच."

वार म्हणजे ज्यातून बाळाला अन्न, रक्त सगळे पोहोचते ती. कोणाची मागच्या भिंतीला चिकटते, कोणाची पुढच्या. त्यात वाईट काही नाही, असे त्यांनी लगेच सांगितले. "फक्त असं समजा की बाळाच्या आणि तुमच्या पोटाच्या मध्ये एक उशी आहे. त्याच्या लाथा उशीवर बसतात. म्हणून कळायला उशीर होतो. आणि कळेल ते बाजूंना, खाली किंवा पाठीकडे. तुम्हाला जाणवतंय का काही अजून?"

नवरा माझ्या उशाशी उभा होता.

"हो," मी म्हणाले.

"हो? एवढ्यात? बरं." त्यांनी ते टाइप केले. "बाहेरून हात ठेवून मात्र कुणाला इतक्यात काही कळायचं नाही हं. त्याला अजून बरेच आठवडे जातील. त्यातून पुढून तर नाहीच."

मी नवऱ्याकडे पाहिले. तो भिंतीवरचा, हात कसे धुवावेत याचा तक्ता लक्षपूर्वक वाचत होता. हे मला विशेष वाटले, कारण तो लग्नपत्रिकासुद्धा पुरती वाचत नाही.

घरी येताना रिक्षात मी पुष्कळ विचार केला. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर फ्रेमचे स्क्रू बसवतो. ते स्क्रू मला तर दिसतही नाहीत. अशा हातांना इतरांपेक्षा अधिक कळत असेल, हे तर्काला धरून आहे. मी त्याला तसे म्हणाले. तो बाहेर बघत म्हणाला, "असेल बाई. तू म्हणतेस तर असेल."

५ मार्च

आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी विचारले, हालचाल आहे ना? मी हो म्हणाले. आता नाही म्हणायचे तर आधीचे तीन हो मागे घ्यावे लागतील. त्यांनी बरोबरची खूण केली. आयुष्यात पहिल्यांदाच बरोबरची खूण बघून मला कसेतरी झाले.

रात्री पुस्तके वाचनालयाच्या पिशवीत भरून ठेवली.

१९ मार्च

जाणवले.

खरोखर जाणवले. कामावर होते, आजोबा पुन्हा तपासणीला आले होते आणि काचेच्या खोलीत बसले होते. मी यंत्राकडे वाकले, आणि डावीकडे, अगदी खाली, जवळजवळ पाठीकडे काहीतरी सरकले. फुलपाखरू नाही, बुडबुडा नाही. भरलेल्या बसमध्ये शेजारची व्यक्ती जरा सावरून बसते आणि तिचे कोपर आपल्याला लागते, तसे. दुसऱ्यांदा लागले तेव्हा मी हातातले पेन खाली ठेवले. ते पुन्हा लागले.

मला ओरडून सांगावेसे वाटले. आणि मग लक्षात आले की, सांगता येणार नाही. सगळ्यांच्या लेखी मला हे महिन्यापूर्वीच जाणवले आहे. नवऱ्याला सांगितले तर तो म्हणेल, हो ना, मग? सासूबाईंना सांगितले तर त्या न जुळणाऱ्या मोज्यांकडे बघावे तसे माझ्याकडे बघतील.

आजोबा काचेतून माझ्याकडे बघत होते. माइक बंद होता. खोलीत बाहेरचा आवाज मुळीच जात नाही. मी म्हणाले, "आजोबा, माझं बाळ हललं."

त्यांनी माझे हलणारे ओठ पाहिले आणि बटण दाबले. दिवा लागला.

एवढेच अभिनंदन झाले. मी ते घेतले.

११ एप्रिल

बाळाचे आणि माझे आता बरे जमते. सकाळी चहानंतर ते उजवीकडे असते, दुपारच्या जेवणानंतर पाठीशी खुडबुडते. मी खुर्चीत मागे टेकले की त्याला आवडत नाही. आवडत नाही हे सांगण्याची त्याची पद्धत माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. ते माझ्यावर गेलेले नसावे.

नवऱ्याचे निरीक्षण मात्र वेगळेच पडते. माझ्या पाठीशी लाथाळी चालू असते तेव्हा तो पोटावर हात ठेवून गप्प असतो; आणि सगळे निवांत असताना, विशेषतः मी थकलेली असले की, म्हणतो, "हललं बघ." या विसंगतीवर मी विचार केला. बाळाला हातही आहेत आणि पायही. हात पुढे वडिलांसाठी, पाय मागे माझ्यासाठी, अशी वाटणी असू शकते.

सासूबाईंना त्याचे कौतुक सांगितले. त्या म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून कुणाचं तोंड उतरलेलं बघवत नाही. दुकानात बघ, प्रत्येकाला म्हणतो ही फ्रेम तुम्हालाच शोभते." मी म्हणाले, तो स्वभावच चांगला आहे. त्या म्हणाल्या, "आहेच. म्हणून तर काळजी."

काळजी कशाची, ते मला समजले नाही.

२२ मे

संध्याकाळ. दवाखान्यातून परत आलो आहोत. आजचे आजच लिहायचे.

सकाळी चहा झाला, उजवीकडे काही नाही. आंघोळ झाली, काही नाही. एरवी या वेळेपर्यंत मला दोन-तीन तरी कोपरखळ्या बसलेल्या असतात. मी बिछान्याच्या कडेवर बसून राहिले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, जवळ आला, हात ठेवला.

"आहे की. आत्ता हललं."

"खरंच?"

"अगं हो. झोपाळलंय जरा, आईसारखं."

माझा जीव भांड्यात पडला. मनाशी म्हटले, वार पुढे आहे, त्यामुळे मला कमी कळते. त्याला तर कळले. आणि मी कामावर गेले.

जेवणानंतर पाठ टेकून बसले. मुद्दाम टेकून बसले. कोणी तक्रार केली नाही.

तेवढ्यात आजोबा आले. कानाला ऐकण्याचे यंत्र बसवण्याआधीची शेवटची तपासणी. ते काचेच्या खोलीत बसले, मी आवाज सोडत गेले आणि सवयीने एकदा नुसती थांबले. दिवा लागला. पुन्हा थांबले, पुन्हा लागला. मी आत जाऊन त्यांचा हेडफोन काढला आणि कानाशी मोठ्याने विचारले, "आजोबा, आता आवाज नव्हता. मग दाबलंत कशाला?"

ते ओशाळले. म्हणाले, "तू एवढी वाट बघत होतीस. म्हटलं, पोरीला वाईट वाटायला नको."

मी तिथेच उभी राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मी ओळखत होते. सकाळी पोटावर हात ठेवताना तेच हसू नवऱ्याच्या चेहऱ्यावर होते.

आजोबांना मॅडमवर सोपवून मी खाली दुकानात फोन केला. त्याचे दुकान आमच्याच इमारतीत खाली आहे, जिना उतरून जाता आले असते, पण तेवढा वेळही मला थांबवेना.

"सकाळी खरंच हललं होतं का?"

"का गं, काय झालं?"

"हललं होतं का?"

पलीकडे कोणी गिऱ्हाईक आरसा मागत होते. त्याने तो काउंटरवर ठेवल्याचे ऐकू आले. मग म्हणाला, "नाही."

"आणि याआधी?"

"कधीच नाही कळलं मला. एकदाही नाही. तू तेव्हा आढ्याकडे बघत पडायचीस, मला ते बघवेना."

"मलाही नव्हतं कळलं तेव्हा," मी म्हणाले. "पण आता कळतं, आणि आज सकाळपासून बंद आहे."

त्याने फोन ठेवला. तो जिना चढून आला तेव्हा त्याच्या हातात कोणाची तरी एका काडीची फ्रेम होती.

दवाखान्यात सिस्टरने विचारले, "वार पुढेच आहे ना तुमची? मग असं वाटतं कधीकधी. नीट आठवून सांगा, अगदीच बंद आहे की कमी आहे?"

मला ठाऊक आहे, समोरच्याला कोणते उत्तर सोयीचे आहे ते मला लगेच कळते. कमी आहे म्हटले असते तर सगळ्यांनाच हायसे वाटले असते, मलाही. नवऱ्याने तोंड उघडले आणि मिटले.

"बंद आहे," मी म्हणाले. "आणि फेब्रुवारीत जे हालचाल आहे असं लिहिलंय, तेही चूक आहे. मला मार्चमध्ये पहिल्यांदा कळलं." आवाज जरा मोठाच निघाला, बाकावरच्या बायकांनी वळून पाहिले. सिस्टरने मला लगेच आत घेतले.

पोटाला दोन पट्टे बांधले. सिस्टर यंत्राची गोल चकती जेलवर इकडून तिकडे फिरवत होती आणि यंत्रातून नुसती खरखर येत होती. आवाज ओळखणे हा माझा व्यवसाय आहे. ती खरखर होती, दुसरे काही नव्हते. नवरा माझ्या पायाशी उभा होता. "सगळं ठीक असेल" हे त्याचे नेहमीचे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेले मला दिसले. त्याने ते म्हटले नाही. माझे पाऊल हातात घट्ट धरून उभा राहिला.

मग चकती डावीकडे, अगदी खाली सरकली, आणि ठोका लागला. भरभर, कोणीतरी घाईने जिना उतरावे तसा, न थांबता.

नवऱ्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, पुन्हा काढला.

डॉक्टरबाई आल्या, कागदाची पट्टी पाहिली, बराच वेळ बघत राहिल्या. ठोके चांगले होते. पुन्हा सोनोग्राफी केली. पाणी, वाढ, सर्व व्यवस्थित. बाळाने कूस बदलून तोंड आणि हातपाय पुढे, उशीकडे केले होते. पट्टे सोडण्याआधीच त्याने बरगडीखाली एक दणका दिला, जणू आम्हीच त्याची झोप मोडली होती.

मी डॉक्टरबाईंची क्षमा मागितली. उगाच त्रास दिला म्हणून आणि फेब्रुवारीसाठीही. त्या म्हणाल्या, "फेब्रुवारी जाऊ दे. आज आलीस ते बरोबर केलंस. उद्या पुन्हा असं वाटलं तर उद्या पुन्हा यायचं. वार पुढे आहे म्हणून उशिरा कळतं, ते सुरुवातीला. एकदा त्याची सवय तुला कळली, की ती बदलल्यावर घरी बसून कारणं शोधायची नाहीत." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. तुमचा हात हे काही मशीन नाही."

"नाही मॅडम," तो म्हणाला.

२३ मे

सासूबाईंना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"तुम्हाला राग नाही आला?"

"मला ठाऊक होतं. फुलपाखरू कुठून आणलंस ते कळलं होतं मला." मग म्हणाल्या, "पण मीही गप्प बसले ना. म्हटलं, लेकरं एकमेकांना खूश ठेवतायत, ठेवू देत. काल दवाखान्यातून त्याचा फोन आला, तेव्हा देवापुढे जाऊन बसले मी."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दूध तापवायला गेल्या. ते उतू गेले. त्यांचे दूध उतू गेलेले मी प्रथमच पाहिले.

३ जून

नवऱ्याने सत्याचा धडा जरा जास्तच मनावर घेतला आहे. परवा एका गिऱ्हाइकाला त्याने ही फ्रेम तुम्हाला मुळीच शोभत नाही असे सांगितले. तो गृहस्थ दुसरी न घेताच निघून गेला. काल मी नवे पडदे कसे वाटतात विचारले, तर बराच विचार करून म्हणाला, "शाळेच्या ऑफिससारखे." सासूबाई आतून म्हणाल्या, "अरे, एवढंही नको."

गेले दहा-बारा दिवस त्याने पोटाला हात लावलेला नव्हता. मला ते जाणवत होते. बोलायचे कसे, हे जुळवत होते. आज त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याचा हात उचलून स्वतःच पोटावर ठेवला.

तो अवघडून बसला. हात अगदी हलका ठेवला होता, चिमटीत धरलेल्या भिंगासारखा.

"कळतंय काही?" मी विचारले.

त्याने डोळे मिटून लक्ष दिले. "नाही," तो म्हणाला. आणि माझ्याकडे भीत-भीत पाहिले.

मी आढ्याकडे बघत नव्हते. मी त्याच्याचकडे बघत होते, आणि मला फार बरे वाटत होते.

त्याच वेळी मागे, उजव्या कमरेपाशी बाळाने पाय रोवला. "आत्ता हललं," मी म्हणाले. "इथे नाही, मागे." मी त्याचा हात धरून कमरेकडे नेला. आम्ही दोघे थांबलो. बाळाने पुन्हा एकदा रेटा दिला, मग आणखी एकदा, अगदी त्याच्या बोटांखाली.

"आता?"

"नाही गं," तो म्हणाला. हात मात्र काढला नाही.